गुंज, वाल, मासा, तोळा : सोन्याच्या वजनांची परिभाषा आणि मराठी वाचन

जुने मराठी गद्य, कौटुंबिक कागदपत्रे, आत्मचरित्रे आणि कथा-कादंबऱ्या वाचताना सोन्याच्या वजनांचे उल्लेख वारंवार येतात. कोणी मुलीच्या अंगावर दहा तोळे घालतो, कोणाच्या मंगळसूत्रात गुंजभर सोने असते, कोणाची प्रकृती तोळामासा असते. अशा ठिकाणी वाचक सहसा थांबत नाही. टीपकारही थांबत नाहीत; थांबलेच तर ‘तोळा = सुमारे दहा ग्रॅम’ एवढी टीप देऊन मोकळे होतात. ही टीप आजच्या सराफी व्यवहाराला धरून असली तरी ज्या संहितेखाली ती दिली जाते त्या संहितेच्या काळाला बहुधा लागू पडत नाही. एका तोळ्यामागे ती सुमारे चौदा गुंजा सोने गाळून टाकते. स्त्रीधनाच्या यादीत, वाटणीपत्रात किंवा हुंड्याच्या बोलण्यात चौदा गुंजा ही दुर्लक्षिण्याजोगी गोष्ट नव्हती. शिवाय प्रश्न केवळ ग्रॅमचा नाही. या मापांच्या आधाराने मराठीने जे शब्द, वाक्प्रचार आणि रूपके घडविली त्यांचा अर्थ मापांची परस्परसंगती ठाऊक असल्याशिवाय पुरता उलगडत नाही. प्रस्तुत लेखात ही संगती, तिची परंपरा आणि मराठी भाषेतील तिचा वावर यांचा विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्रात सराफांकडे रूढ असलेले मुख्य कोष्टक अगदी लहान आहे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. उत्तरेकडे गुंजेऐवजी रत्ती म्हणतात, बाकी रचना तीच. मराठीत ‘रती’ हा शब्द आहे, परंतु तो रत्नांच्या बाजारात अधिक चालला. सोन्याला गुंज आणि हिऱ्या-माणकाला रती अशी सर्वसाधारण विभागणी दिसते. (‘रतीब’ या शब्दाचा ‘रती’शी काही संबंध नाही. तो अरबीतून आलेला, नेमून दिलेल्या शिध्याचा शब्द आहे. दोन्ही शब्द एका मुळाचे मानण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो म्हणून हे नमूद केले.)

शहाण्णव हा आकडा आजच्या दशमानाला सरावलेल्या मनाला अडचणीचा वाटतो. वस्तुतः तोंडी हिशेबाला तो अतिशय सोयीचा होता. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा या सर्वांनी त्याला नि:शेष भाग जातो. पाव तोळा म्हणजे तीन मासे, पाऊण तोळा म्हणजे नऊ मासे, तोळ्याचा तिसरा हिस्सा म्हणजे चार मासे; तीन भावांत एक तोळा वाटावयाचा तर एक गुंजही उरत नाही. दहा ग्रॅमचे तीन समान भाग करून पाहावेत म्हणजे फरक कळेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असलेल्या माणसाला कागद-लेखणी लागत नसे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही वजने आणि जुनी नाणी एकमेकांत बसविल्यासारखी होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. तोळ्याच्या गुंजा शहाण्णव, रुपयाच्या पै त्याच्या बरोबर दुप्पट. म्हणून तोळ्याचा भाव जितके रुपये, त्याच्या दुप्पट पै हा एका गुंजेचा भाव. तोळ्याला चोवीस रुपये भाव असेल तर गुंजेला अठ्ठेचाळीस पै, म्हणजे चार आणे. ज्या गिऱ्हाइकाला अक्षर-ओळख नव्हती त्यालाही हा हिशेब मनात करून सराफाने सांगितलेली किंमत ताडून पाहता येई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. या जोडयंत्राचे दोन्ही भाग असे दोनतीन वर्षांच्या अंतराने निखळले. त्यानंतर गुंजेचा हिशेब मागे पडला याचे कारण केवळ कायद्याची सक्ती नव्हे. तिच्याशी जुळणारी पैच उरली नव्हती.

बीजे आणि वजने

या परिभाषेकडे भाषेच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. गुंज, वाल, मासा ही तिन्ही नावे बियांची आहेत. गुंज ही लाल रंगाची, डोक्यावर काळा ठिपका असलेली वेलीवरची बी. तिचे संस्कृत पर्याय कृष्णला आणि रक्तिका. पहिले नाव काळ्या ठिपक्यावरून, दुसरे लाल रंगावरून. रत्ती आणि रती हे शब्द या रक्तिकेपासून आले. वाल म्हणजे संस्कृत ‘वल्ल’, आपल्या परिचयाचे कडधान्य. मासा म्हणजे ‘माष’, म्हणजे उडीद. (पाण्यातला मासा ‘मत्स्य’पासून आला; उच्चार एक झाला तरी घराणी दोन.) तोळा मात्र या बियांच्या पंक्तीत बसत नाही. तो ‘तुल्’ या धातूपासून, संस्कृत ‘तोल’, ‘तोलक’ यांतून आला आहे. हिंदीत ‘ल’ राहिला, मराठीत ‘ळ’ झाला. म्हणजे लहान वजनांना शेतातल्या आणि रानातल्या वस्तूंची नावे आणि मोठ्या वजनाला जोखण्याच्या क्रियेचे नाव. जे मुठीत धरून दाखविता येते त्याला वस्तूचे नाव मिळावे आणि जे ताजव्यात घातल्यावरच सिद्ध होते त्याला क्रियेचे, हे भाषेच्या स्वभावाला धरूनच आहे.

बियांच्या नावाने चालणारी ही मापे अतिशय जुनी आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कवडशात दिसणाऱ्या रजःकणापासून, म्हणजे त्रसरेणूपासून, आरंभ करून लिक्षा, राजसर्षप, गौरसर्षप, यव अशा पायऱ्यांनी कृष्णलापर्यंत येणारे कोष्टक आहे. पुढे पाच कृष्णलांचा माष, सोळा माषांचा सुवर्ण, चार सुवर्णांचे पल. कौटिलीय अर्थशास्त्रातही सुवर्णमाषक पाच गुंजांचाच सांगितला असून त्याला पर्याय म्हणून धान्यमाषाचे दहा दाणे दिले आहेत. हा पर्याय फार उपयोगाचा आहे. त्यावरून उडदाचा एक दाणा हा गुंजेच्या निम्मा ठरतो आणि सोन्याचा माष म्हणजे एक उडीद नव्हे हे स्पष्ट होते. ‘मासा म्हणजे उडदाएवढे वजन’ अशी जी टीप काही ठिकाणी दिलेली दिसते ती व्युत्पत्ती आणि परिमाण यांची गल्लत करते. नाव उडदाचे असले तरी वजन मूठभर उडदांचे आहे.

या माषाच्या गुंजा किती हा प्रश्न सरळ नाही. मनू आणि कौटिल्य यांच्याकडे पाच, वैद्यकातील शार्ङ्गधरसंहितेत सहा, आणि आपल्या सराफी कोष्टकात आठ. जुन्या संस्कृत ग्रंथाचे मराठी भाषांतर करताना ‘माष’ला ‘मासा’ म्हणून मोकळे झालेल्या भाषांतरकाराने सोन्याचे वजन दीडपटीहून अधिक वाढविलेले असते, आणि औषधाच्या बाबतीत असे झाले तर परिणाम केवळ वाङ्मयीन राहत नाही.

मराठी कोष्टकाचा उगम शोधताना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे वळावे लागते. इ. स. ११५० मधील हा ग्रंथ. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखामुळे त्या घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध अभ्यासकांना परिचित आहे. ग्रंथारंभी जी परिभाषा दिली आहे तीत सोन्याची दोन कोष्टके शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक पाच गुंजांच्या माषाचे, सोळा माषांच्या कर्षाचे. सोन्याच्या बाबतीत या कर्षालाच सुवर्ण म्हणतात, म्हणजे ते ऐंशी गुंजांचे झाले. दुसरे वल्लाचे : दोन यवांची गुंजा, तीन गुंजांचा वल्ल, आठ वल्लांचे धरण, दोन धरणांचा गद्याणक. हा गद्याणक अठ्ठेचाळीस गुंजांचा होतो. पहिले कोष्टक स्मृतिग्रंथांतून आलेले, दुसरे बाजारातले, असे मानण्यास हरकत नाही. आता अठ्ठेचाळीसाची दुप्पट म्हणजे शहाण्णव. सुरतेकडच्या जुन्या सराफी कोष्टकात तीन रतींचा वाल, सोळा वालांचा गदियाणा आणि दोन गदियाण्यांचा तोळा येतो. लीलावतीतील वल्ल-गद्याणकाची ही जवळजवळ जशीच्या तशी उतरण आहे. तेव्हा माझ्या मते आपला शहाण्णव गुंजांचा तोळा हा स्मृतींतील ऐंशी गुंजांच्या सुवर्णाचा वंशज नसून गद्याणकाच्या परंपरेतला आहे, आणि आठ गुंजांचा मासा हा त्या तोळ्याचे बारा भाग करताना नव्याने मापलेला, जुने नाव धारण करणारा भाग आहे. नाव एका घराण्याचे आणि वारसा दुसऱ्या घराण्याचा, असे मराठी शब्दांच्या बाबतीत पुष्कळदा होते.

‘गद्याण’ हा शब्द यादवकालीन कोरीव लेखांत नाण्याच्या नावाने भेटतो. नाणे आणि वजन ही दोन्ही एकाच नावाने ओळखली जाण्याची ही रीत पुढेही दिसते. ‘रुपयाभार’ म्हणजे एका रुपयाच्या वजनाइतका, म्हणजेच तोळाभर. दाक्षिणात्य सराफीत तर ही रीत आजही चालू आहे. केरळातील ‘पवन’ आणि तमिळनाडूतील ‘सवरन’ ही इंग्रजी सोन्याच्या नाण्यावरून आलेली मापे असून ती आठ ग्रॅमची धरली जातात. बंगालातील ‘भरी’ मात्र आपल्या तोळ्याच्याच वजनाची आहे, फक्त तिचे सोळा आणे करतात. बंगाली कादंबरीच्या मराठी भाषांतरात ‘भरी’ला ‘तोळा’ म्हटले तर चालते. मलयाळम कथेतील ‘पवन’ला तोळा म्हटले तर चालत नाही. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वालाच्या बाबतीत एक गुंता आहे. लीलावतीत आणि सुरतेकडे तो तीन गुंजांचा. मुंबईच्या जुन्या कोष्टकांत अडीच गुंजांचा वाल आणि चाळीस वालांचा तोळा येतो, त्यामुळे तेथे तोळ्याच्या गुंजा शंभर होतात. भर म्हणून, थोरल्या गुंजेच्या, म्हणजे रतनगुंजेच्या तांबड्या बिया साध्या गुंजेच्या सुमारे दुप्पट वजनाच्या असतात आणि त्यांनाही काही भागांत वाल म्हणतात. तेव्हा जुन्या कागदात ‘वाल’ दिसला की कागद कोठला आहे हे आधी पाहावे. मोत्यांचा ‘चव’ हे तर वेगळेच प्रकरण आहे. तो वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण मोती दुप्पट मोठा झाला की त्याची किंमत दुपटीहून कितीतरी अधिक होते. सोन्याच्या चर्चेत त्याला येथेच सोडून देणे बरे.

गुंजा सारख्या वजनाच्या असतात म्हणून त्यांची निवड झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात एका वेलीवरच्या गुंजाही हलक्या-जड निघतात. युरोपात ज्या बीवरून ‘कॅरट’ हे नाव आले त्या कॅरबच्या बीबद्दलही हीच समजूत होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वनस्पतिशास्त्रीय अभ्यासाने ती बी इतर बियांपेक्षा अधिक एकसारखी नसल्याचे दाखवून दिले. मग अशी बी प्रमाण म्हणून टिकली कशी? उत्तर निवडीत आहे. डोळ्याला सारखे दिसणारे दाणे वेचून घेणे, चपटे आणि सुरकुतलेले काढून टाकणे, आणि एकट्या गुंजेवर न विसंबता अनेक गुंजा मिळून माशाला ताडणे, यांमुळे चूक आटोक्यात राही. सराफाच्या पेटीतल्या गुंजा म्हणजे रानातल्या गुंजा नव्हेत, त्या निवडलेल्या गुंजा होत. एका अर्थाने प्रमाणभाषेचेही असेच असते, पण तो वेगळा विषय.

किती ग्रॅम?

तोळ्याचे वजन सर्वत्र आणि सर्वकाळ एकच होते असे समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तोळा बहुधा स्थानिक रुपयाशी बांधलेला असे, आणि टांकसाळी अनेक असल्यामुळे रुपयेही अनेक वजनांचे होते. कंपनी सरकारने १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा ठरविला. १८३५ पासूनचा कंपनीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. हा तोळा ११.६६३८ ग्रॅम भरतो, त्याचा मासा ०.९७२ ग्रॅम आणि गुंज ०.१२१५ ग्रॅम. मासा हा ग्रॅमच्या इतका जवळ असल्यामुळे मेट्रिक पद्धती आल्यावर लोकांनी मासा सोडून ग्रॅम सहज उचलला. तोळा मात्र सुटला नाही. तो बोलण्यात राहिला आणि हळूहळू दहा ग्रॅमवर स्थिरावला. दुकानात ‘तोळ्याचा भाव’ विचारला की आज दहा ग्रॅमचा भाव सांगतात. शब्द तोच, वस्तू सुमारे चौदा टक्क्यांनी कमी. सोन्याच्या बिस्किटांत मात्र जुना तोळा तगून राहिला : चोरट्या आयातीच्या बातम्यांमुळे मराठी वाचकाला परिचित झालेले ‘दहा तोळ्यांचे बिस्किट’ शंभर ग्रॅमचे नसून ११६.६४ ग्रॅमचे असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, १९४० च्या सुमाराच्या एखाद्या यादीत पाटल्या ४ तोळे ३ मासे, ठुशी १ तोळा ७ मासे ४ गुंजा आणि मंगळसूत्राच्या वाट्या २ मासे ६ गुंजा अशी नोंद आहे. गुंजांची बेरीज दहा, म्हणजे १ मासा २ गुंजा. मासे हातचा धरून तेरा, म्हणजे १ तोळा १ मासा. एकूण ६ तोळे १ मासा २ गुंजा. हे ७१.२ ग्रॅम झाले. आजचा तोळा धरून वाचणारा मात्र ६१ ग्रॅम समजेल. दहा ग्रॅमहून अधिक, म्हणजे आजच्या भाषेत एक सबंध तोळा, वाचनातच गहाळ झाला. ज्या स्त्रीच्या नावावर ती यादी होती तिच्याजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे बहुधा तेवढेच असे.

दुसरा धोका लिप्यंतराचा. तोळे, मासे आणि गुंजा ओळीने लिहिलेल्या असतात. १ तोळा ११ मासे ही नोंद कोणी १.११ अशी छापली तर वाचकाला ती सव्वा तोळ्याहूनही कमी वाटेल. प्रत्यक्षात ते दोन तोळ्यांना एक मासा कमी आहे. ॥ आणि ॥। या अर्ध्या-पाऊणच्या खुणा छापखान्यात गळून पडतात ती गोष्ट वेगळीच. मोडी कागदांच्या संपादनात अशा जागी मूळ नोंद आहे तशी ठेवून रूपांतर कंसात द्यावे. १८३३ पूर्वीच्या कागदांत तर ग्रॅमचे रूपांतर दशांशापर्यंत देणे म्हणजे नसलेली अचूकता बहाल करणे होय. तेथे कोष्टकातील नाते तेवढे सांगावे.

वजनाबरोबर कसाचाही विचार करावा लागतो. सहा तोळ्यांचा डाग म्हणजे सहा तोळे सोने असे नाही. त्यात लाख असते, डाक असतो, मणी-खडे असतात, आणि धातूत भेसळ असते. मोडीला घातल्यावर घट वजा जाते. सराफाच्या दुकानातील धुळीतून आणि राखेतून सोन्याचे कण धुऊन काढणारा झारेकरी हा या व्यवहाराचा अगदी शेवटचा माणूस. त्याचे सारे जग गुंजेच्या आतले. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा शिकविताना खाणीतले काम सुटलेल्या भीमाच्या शोधाला या झारेकऱ्याच्या कामाशेजारी ठेवून पाहावे. दोघेही राखच चाळतात. एकाच्या राखेला बाजारात नाव आहे, दुसऱ्याच्या राखेला नाही.

भाषेत उतरलेली मापे

आता वाक्प्रचारांकडे वळू. ‘तोळामासा प्रकृती’ याचा अर्थ नाजूक, जपावी लागणारी प्रकृती असा आपण करतो, आणि तो बरोबर आहे. परंतु तो अर्थ कसा आला? तोळा आणि मासा ही लहान वजने, म्हणून तोळामासा म्हणजे हलकी, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते पुरेसे नाही. तसे असते तर ‘गुंजमासा’ अधिक शोभले असते. हिंदीत क्षणात तोळा आणि क्षणात मासा होणाऱ्या माणसाबद्दल म्हण आहे. तेथे ती लहरी स्वभावाला लावतात. तोळ्यात आणि माशात बारा पटींचे अंतर आहे, हे ध्यानात घेतले की मूळ कल्पना स्पष्ट होते : घटकेत इतके वर, घटकेत इतके खाली. मराठीने हीच अस्थिरता स्वभावाऐवजी शरीराला लावली. म्हणून तोळामासा प्रकृतीचा माणूस केवळ अशक्त नसतो, तर त्याचे केव्हा बिघडेल याचा नेम नसतो. आपण बोलताना हा अर्थ पाळतोही. वर्षानुवर्षे एकाच प्रकारे आजारी असलेल्या माणसाला कोणी तोळामासा म्हणत नाही.

‘गुंजभर’ची गोष्ट वेगळी. तीळभर, जवभर, राईएवढे या शब्दांप्रमाणे तो अल्पत्वाचा वाचक आहे, पण एक फरक आहे. तीळभर दया, तीळभर जागा असे आपण कशाबद्दलही म्हणतो. गुंजभर म्हटले की सोने किंवा सोन्याच्या मोलाचे काही मनात येते. ‘गुंजभर सोने’ या शब्दांत दारिद्र्य आहे आणि त्यातही राखलेली प्रतिष्ठा आहे. मंगळसूत्रात मणी काळे असले तरी वाट्या सोन्याच्या हव्यात. मग त्या गुंजभर का होईनात. ग्रामीण कथेत हा शब्द आला की तो फक्त परिमाण सांगत नाही, ऐपत आणि रीत यांमधली ओढाताण सांगतो. त्याच्या जागी ‘थोडेसे सोने’ लिहिले तर वाक्याचा अर्थ राहील, वजन जाईल.

संस्कृत सुभाषितकारांनी गुंजेची उपेक्षाच केली. सोन्याला जाळल्याचे, ठोकल्याचे, कसोटीवर घासल्याचे दुःख नाही. दुःख आहे ते गुंजेबरोबर जोखले जाण्याचे, अशा आशयाचे सुभाषित प्रसिद्ध आहे. पंचतंत्रातील माकडे थंडीत गुंजांनाच निखारे समजून शेकत बसतात. रंग आहे, ऊब नाही. वजन आहे, मोल नाही. वर बी विषारी. परंतु कृष्णाच्या गळ्यात हीच गुंजांची माळ आहे, आणि मराठी कृष्णकवितेने ती मोठ्या प्रेमाने वर्णिली आहे. सोन्याला लाज आणणारी गुंज गोकुळात अलंकार होते. ज्याच्याकडे सोने जोखायला यायचे तोच माप अंगावर घालून बसला आहे, हे त्या वर्णनांमागचे कौतुक सराफी कोष्टक ठाऊक असलेल्या श्रोत्याला आपोआप कळत असले पाहिजे.

संतकवितेत सोन्याची परिभाषा विपुल आहे. नरहरी सोनारांच्या प्रसिद्ध अभंगात तर सबंध दुकान मांडलेले आहे : बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कातरी, ताजवा. परंतु या दुकानात एक गोष्ट नाही, आणि तिचे नसणे मला अर्थपूर्ण वाटते. ताजवा आहे, पण वजने नाहीत. ज्ञानाच्या ताजव्यात जोखली जातात ती नामाची दोन अक्षरे; त्यांना तोळा-मासा लागू नाही. व्यवसायाने आयुष्यभर गुंजा मोजलेला कवी भक्तीच्या दुकानात शिरताना गुंजा बाहेर ठेवतो. तुळाभाराच्या आख्यानातही हेच घडते. सत्यभामेचे सारे दागिने एका पारड्यात पडूनही कृष्णाचे पारडे उचलत नाही, आणि रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने ते उचलते. कीर्तनकार हे सांगताना दागिन्यांची नावे घेत घेत यादी लांबवतो ती उगाच नाही. श्रोत्यांतल्या बायकांना प्रत्येक डागाचे वजन ठाऊक असते. यादी जितकी भारी, तितके ते पान हलके आणि जड.

वजनापेक्षा कसाच्या परिभाषेने मराठीला अधिक शब्द दिले. कस, कसोटी, कसाला उतरणे, चोख, मुलामा हे तर सर्वांच्या तोंडी आहेत. ‘हिणकस’ हा शब्द मूळचा ‘हीन कसाचा’ आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. लीलावतीत वेगवेगळ्या वर्णांचे सोने एकत्र आटवल्यास मिश्रणाचा वर्ण कसा काढावा याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे सोळा वर्णांपर्यंतचे सोने येते. जुन्या मराठीत ‘पंधरे’ किंवा ‘पन्हरे’ हे उत्तम सोन्याचे नाव आहे आणि ते पंधरा या संख्येवरून आले आहे. उत्तरेत उत्तम सोने बारा बानीचे, आज ते चोवीस कॅरटचे. ‘बावनकशी’तील बावन्न यांपैकी कोणत्याच श्रेणीत बसत नाही. माझ्या मते ती गणती नसून उत्कर्षवाचक संख्या आहे. अनेकदा कसाला लावूनही उतरणारे, एवढाच तिचा आशय. सावित्रीबाई फुले यांच्या १८९२ मधील ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ या काव्याच्या नावात हा शब्द जोतीरावांच्या कार्याच्या संदर्भात येतो, तेव्हा त्यामागे शुद्धतेइतकीच पुनःपुन्हा घासून घेतल्याची जाणीव आहे असे वाचावयास जागा आहे. आपली साहित्यसमीक्षाही याच दुकानातून शब्द उचलते. रघुवंशाच्या प्रारंभी कालिदासाने आपले काव्य ऐकणाऱ्या सज्जनांना सोन्याची शुद्धता किंवा काळेपण दाखविणाऱ्या अग्नीच्या ठिकाणी मानले आहे. आपण आज ‘निकष’ म्हणतो तो कसोटीचा दगडच आहे.

राहता राहिला अध्यापनातील प्रश्न. टीप देताना पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाकडे पाहून चालत नाही. १९९५ साली लिहिलेल्या कादंबरीतील लग्न १९५० सालचे असेल तर तेथील तोळा शहाण्णव गुंजांचा आहे. त्याच कादंबरीतील नातीच्या लग्नातला तोळा दहा ग्रॅमचा. मधल्या काळात १९६३ चे सुवर्णनियंत्रण आले, नवे दागिने चौदा कॅरटपुरते मर्यादित झाले. पुढे १९६८ चा कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द झाला. म्हणून त्या वर्षांतल्या दागिन्याबद्दल वाचताना वजनाशेजारी कसही विचारावा लागतो. आजी आणि नात एकाच पानावर ‘पाच तोळे’ म्हणतात, तेव्हा आजीचे ५८ ग्रॅम असतात आणि नातीचे ५०. लेखकाने हा फरक जाणून लिहिले आहे की नाही, हे संवादाच्या संदर्भावरून ठरवावे, आणि टीप संहितेच्या शेवटी एकदाच न देता त्या त्या ठिकाणी द्यावी.